फाईल बदलल्याचा अलर्ट उगाच येतो, आणि खरंच बदलली तेव्हा येत नाही: काय काय तपासायचं

हा प्रॉब्लेम कुणी ना कुणी विचारतच असतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. केस साधारण अशी असते: नेटवर्क मॉनिटरिंग आधीपासून चालू आहे, पीआरटीजी असेल, झॅबिक्स असेल, नॅगिओस असेल, आणि त्यातच एक सेन्सर नाहीतर आयटम लावून एखाद्या कॉन्फिग फाईलवर किंवा एक्सपोर्टच्या फोल्डरवर नजर ठेवलीये. सुरुवातीला मस्त चालतं. मग एके रात्री दोन वाजता 'फाईल बदलली' म्हणून मेसेज येतो, उठून बघावं तर एक अक्षरही इकडचं तिकडे नाही. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. शेवटी कंटाळून कुणीतरी अलर्ट म्यूट करतं, आणि ज्या दिवशी फाईल खरंच बदलते त्या दिवशी कुणाचं लक्ष नसतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे अलर्ट येतच नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हे सॉफ्टवेअर फाईलकडे डोळे लावून बसलेलं नसतं. ते दर मिनिटाला किंवा दर पंधरा मिनिटांनी जाऊन एक प्रश्न विचारतं आणि मागचं उत्तर आणि आत्ताचं उत्तर जुळतंय का बघतं, बास; या एकेका विचारण्यालाच पोल म्हणतात. प्रश्न नेमका कुठला विचारला, कुठल्या मशीनवरून विचारला, कुठल्या अकाऊंटने विचारला, आणि उत्तर आल्यावर अलर्ट द्यायचा की नाही हे कसं ठरवलं, लोचा या चारपैकीच कुठेतरी असतो. बहुतेक वेळा घोडं पहिल्यातच पेंड खातं.

तर प्रश्नापासून सुरू करू. 'फाईल बदलली' म्हणजे काय बदललं? टाइमस्टॅम्प, मजकूर, साईज, परमिशन, की फाईलच गायब झाली? लिनक्सवर त्या फाईलवर स्टॅट कमांड मारून बघा, त्यातले तीन टाइमस्टॅम्प कामाचे. ॲक्सेस म्हणजे शेवटचं वाचलं कधी, मॉडिफाय म्हणजे मजकूर शेवटचा लिहिला कधी, आणि चेंज म्हणजे आयनोडमधलं (फाईलच्या माहितीच्या नोंदीतलं) काहीही बदललं कधी, त्यात परमिशन आली, ओनर आला, हार्डलिंक आली. आता समजा मॉडिफाय ३ तारखेच्या दुपारचा आहे आणि चेंज मात्र आज पहाटे ०२:००:०४ चा आहे. म्हणजे बहुधा मजकूर कुणी लिहिलेला नाही, पण दोन वाजता कुणीतरी फाईलला हात लावलाय. अशा वेळी लोक अँटिव्हायरसला शिव्या घालत बसतात, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोन वाजताचे क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) काढून बघा, तिथे एखादी स्क्रिप्ट अख्ख्या फोल्डरवर ओनर किंवा परमिशन पुन्हा सेट करत असते, नाहीतर बॅकअप असतो. बॅकअपच्या काही टूल्सना फाईल वाचल्यानंतर ॲक्सेस टाइम परत जुना करून ठेवायची सोय असते (फाईलींचा गठ्ठा बांधणाऱ्या टारमध्येही आहे), आणि तो टाइम मागे सारला की चेंज टाइम पुढे सरकतो, ते टाळता येत नाही. तुमचा सेन्सर चेंज टाइम बघत असेल तर त्याने अलर्ट दिला यात त्याचं काहीच चुकलं नाही.

झॅबिक्समध्ये फाईल टाइमच्या आयटमला हा मोड स्वतः द्यावा लागतो, दिला नाही तर तो मॉडिफाय धरतो. ॲक्सेस मोड तर लावूच नका, त्याला काही अर्थ नाही. लिनक्स २.६.३० पासून डिफॉल्ट रिलेटाइम आहे, म्हणजे प्रत्येक वाचनाला ॲक्सेस टाइम अपडेट होतच नाही, आणि विंडोजनेही व्हिस्टापासून एनटीएफएसवर (विंडोजच्या नेहमीच्या फाईलसिस्टिमवर) तो डिफॉल्ट बंद ठेवला होता.

बरं, मग मॉडिफाय टाइम तरी खरं बोलतो का? तोही दर वेळी नाही. टच कमांडने मजकुराला धक्का न लावता तो आजचा करता येतो आणि हवा तर मागच्या वर्षीचाही करता येतो. आणि नेहमी गंडवणारी गोष्ट म्हणजे कॉपी. आरसिंक हे कॉपीचं टूल आर्काइव्ह मोडमध्ये चालवलं, टार फोडलं, विंडोजमध्ये नुसती कॉपी-पेस्ट केली, तरी नव्या ठिकाणी फाईल जुनाच मॉडिफाय टाइम घेऊन येते. म्हणजे कुणीतरी मागच्या आठवड्यातली कॉन्फिग फाईल आजच्या फाईलवर आणून टाकली तर मजकूर पूर्ण बदलला आणि टाइमस्टॅम्प मागे गेला. 'फाईल गेल्या एका तासात बदलली का' असा सेन्सर असेल तर त्याच्या हिशेबी काहीच घडलं नाही, तो हिरवाच. विंडोजवर क्रिएशन टाइमच्या भरवशावर राहणाऱ्यांना आणखी एक दणका आहे, त्याला टनेलिंग म्हणतात: एखादी फाईल डिलीट करून १५ सेकंदांच्या आत त्याच नावाची नवी बनवली तर एनटीएफएस तिला जुन्याच फाईलचा क्रिएशन टाइम देतं. जुन्या प्रोग्रामांसाठी मुद्दाम ठेवलेली सोय आहे ती, पण माहिती नसेल तर डोकं फिरतं.

म्हणून मजकुराशी मतलब असेल तर चेकसम घ्या, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, मजकूर बदलला की तोही बदलतो. पण चेकसम लावला की सगळं मिटलं असं समजू नका, कारण दर रात्रीच्या खोट्या अलर्टचं सगळ्यात मोठं कुरण हेच आहे. एक उदाहरण जवळून बघू. फायरवॉलचे नियम रोज रात्री आयपीटेबल्स-सेव्हने एका फाईलमध्ये काढून ठेवायचे आणि त्या फाईलचा चेकसम मॉनिटर करायचा, म्हणजे कुणी नियम बदलला की कळेल, आयडिया झकास आहे. पण आयपीटेबल्स-सेव्ह फाईलच्या सुरुवातीला 'अमुक तारखेला, अमुक वाजता बनवली' अशी कॉमेंट टाकतं, आणि प्रत्येक मूळ चेनच्या (नियमांच्या यादीच्या) ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात दोन आकडे लिहितं, आत्तापर्यंत गेलेली पॅकेट आणि बाइट. नियम तेच, पण तारीख वेगळी आणि आकडे वेगळे, मग चेकसम रोज वेगळाच येणार. राऊटरचा कॉन्फिग उतरवून ठेवणाऱ्यांना हे नवीन नाही, जुन्या सिस्को आयओएसमध्ये एनटीपी क्लॉक-पिरियड नावाची ओळ आपोआप बदलत राहायची, शिवाय वरती 'शेवटचा बदल कधी केला' ही कॉमेंट, म्हणून रॅन्सिडसारखी टूल्स अशा ओळी गाळूनच तुलना करतात. आपणही तेच करायचं. मूळ फाईलवर सेन्सर लावायचा नाही, एक छोटी स्क्रिप्ट लिहायची जी कॉमेंटच्या ओळी आणि आकडे काढून टाकेल, उरलेल्याचा हॅश (म्हणजे चेकसमच) घेईल, आणि तो हॅश मॉनिटरिंगला देईल. आपोआप बनणाऱ्या कुठल्याही फाईलसाठी आधी दोन दिवसांच्या कॉप्या शेजारी ठेवून डिफ मारा, कुठली ओळ उड्या मारतेय ते लगेच दिसतं. हे न करता थ्रेशोल्डशी खेळत बसणं म्हणजे फुकटची मेहनत.

कुठला चेकसम घ्यायचा? चुकून झालेला बदल पकडायचा असेल तर सीआरसी३२ सुद्धा चालतो. कुणी मुद्दाम फाईल बदलून लपवेल अशी भीती असेल तर सीआरसी नको आणि एमडी५ पण नको, एमडी५ ची टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांना एकच चेकसम) २००४ मध्येच करून दाखवली होती, शा-२५६ लावा. झॅबिक्समध्ये ६.० पासून चेकसमच्या आयटमलाच मोड देऊन शा-२५६ घेता येतो.

आता मोठ्या फाईलची बोंब. चेकसम काढायचा तर अख्खी फाईल वाचावी लागते. झॅबिक्स एजंटचा (तपासायच्या मशीनवर चालणाऱ्या त्याच्या प्रोग्रामचा) टाइमआऊट डिफॉल्ट ३ सेकंद आहे, कित्येक जीबीची फाईल तेवढ्यात वाचून होत नाही, मग आयटम कधी व्हॅल्यू देतो कधी 'नॉट सपोर्टेड' होतो, आणि लोकांना वाटतं नेटवर्क गंडलंय. एजंटच्या कॉन्फिगमध्ये टाइमआऊट ३० पर्यंत वाढवता येतो, आणि ७.० पासून आयटमला वेगळा टाइमआऊट देता येतो. पण खरं सांगू का, एवढ्या मोठ्या फाईलचा चेकसम मॉनिटरिंगमधून घेऊच नये, साईज आणि मॉडिफाय टाइम या जोडीवर भागवावं. आणि शेअरवरच्या (नेटवर्कवर उघडून दिलेल्या फोल्डरमधल्या) फाईलचा चेकसम लांबच्या मशीनवरून घेत असाल तर जरा हिशेब करा: २ जीबीची फाईल दर ६० सेकंदांनी पूर्ण वाचायची म्हणजे जवळपास २७० मेगाबिटचा ट्रॅफिक सतत चालू, तो पण कशासाठी, तर काही बदललं नाही हे कळण्यासाठी.

शेअरचा विषय निघालाच आहे तर 'कुठून' आणि 'कुठल्या अकाऊंटने' हे एकत्रच घेतो, कारण इथे एरर मेसेज हमखास दिशाभूल करतो. 'फाईल सापडली नाही' असं आलं तर दर वेळी फाईल नसतेच असं नाही. विंडोजवर तुम्ही लॉगिन करून झेड ड्राइव्ह मॅप केलेला असतो आणि सेन्सरला पाथ झेड ड्राइव्हचा देता, पण मॉनिटरिंगची सर्विस चालते लोकल सिस्टिम या विंडोजच्या स्वतःच्या अकाऊंटने, तिच्या सेशनमध्ये तुमचा झेड ड्राइव्ह नसतोच. तिथे दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथच द्यायचा. आणि लोकल सिस्टिम नेटवर्कवर जाते ती मशीनच्या अकाऊंटने, तुमच्या नाही, म्हणून तुम्ही हाताने उघडल्यावर फाईल उघडते आणि सेन्सरला मात्र नकार मिळतो. पीआरटीजीमध्ये डिव्हाइसला किंवा त्याच्या वरच्या ग्रुपला विंडोजचं युजरनेम-पासवर्ड भरलंय का बघा, आणि त्या अकाऊंटला शेअरची परमिशन आणि एनटीएफएसची परमिशन दोन्ही आहेत का बघा, दोन्हीतली जी जास्त कडक ती लागू होते.

एक तिरपागडा प्रकार: मॉनिटरिंगचा प्रोसेस ३२-बिट असेल आणि विंडोज ६४-बिट, तर सिस्टिम३२ फोल्डरचा पाथ दिला की विंडोज त्याला गुपचूप सिसवाऊ६४ मध्ये (३२-बिटवाल्यांच्या फोल्डरमध्ये) नेऊन सोडतं. मग फाईल सापडत नाही, किंवा सापडते पण वेगळीच, आणि तिच्यावर आरामात नजर ठेवणं चालू राहतं. होस्ट्स फाईल जिथे असते तो ड्रायव्हर्सच्या आतला ईटीसी फोल्डर यातून वगळलेला आहे म्हणून होस्ट्स फाईलवर टेस्ट करून 'आपल्याकडे चालतंय' असं म्हणण्यात काही राम नाही.

लिनक्सवर एजंट सहसा स्वतःच्या साध्या युजरने चालतो. इथे एक फरक लक्षात घ्या, टाइमस्टॅम्प आणि साईज बघायला फाईल वाचायची परमिशन लागत नाही, फक्त वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायची लागते. चेकसमला मात्र फाईल वाचता आलीच पाहिजे. त्यामुळे शॅडो फाईलचा (पासवर्डांची फाईल, साध्या युजरला वाचता येत नाही) टाइम व्यवस्थित येतो आणि चेकसम येत नाही, असं दिसलं तर ते बरोबरच आहे. एजंटला रूट करायच्या भानगडीत पडू नका. त्याच युजरने कमांड चालवून बघा, सुडोला त्या युजरचं नाव देऊन स्टॅट मारा, एका मिनिटात कळतं. तरीही नाहीच जमलं आणि परमिशन सगळ्या ठीक दिसतायत तर एसईलिनक्सचा (परमिशनच्या वरचा वेगळा सुरक्षेचा थर) लॉग उघडा. एजंट कंटेनरमध्ये असेल तर तो कंटेनरचा फाईलसिस्टिम बघतोय हेही विसरू नका.

थोडा उशीर होतो अशी तक्रार असेल तर तो बहुतेक कॅशेचा असतो. एनएफएसवर (लिनक्सकडचं नेटवर्क शेअरिंग) फाईलची माहिती क्लायंट डिफॉल्ट ३ ते ६० सेकंद धरून ठेवतो, विंडोजच्या शेअरिंगचा एसएमबी क्लायंट १० सेकंद. पाच सेकंदांनी पोल करून काही जास्त मिळत नाही. घड्याळाचंही बघा. 'फाईल किती जुनी' हे काढताना आत्ताची वेळ एका मशीनची आणि टाइमस्टॅम्प दुसऱ्या मशीनचा असेल तर दोघांच्या घड्याळातला फरक थेट उत्तरात उतरतो, कधीकधी वय मायनसमध्ये येतं. दोन्हीकडे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) लावा, विषय संपला. पेनड्राइव्ह नाहीतर जुन्या मशीनचं कार्ड फॅट या जुन्या फाईलसिस्टिममध्ये असेल तर तिथे टाइम स्थानिक वेळेत लिहिला जातो आणि तोही २ सेकंदांच्या टप्प्यात, म्हणून जिथे उन्हाळी वेळ लागू होते तिथे वर्षातून दोनदा सगळ्या फाईल एक तासाने सरकल्यासारख्या दिसू शकतात.

आता चौथं, अलर्ट कधी. इथे सेन्सर बरोबर असतो, व्हॅल्यू बरोबर येते, ग्राफमध्ये बदल दिसतो, फक्त मेसेज येत नाही. पीआरटीजीच्या फाईल सेन्सरमध्ये टाइमस्टॅम्प किंवा मजकूर बदलला की 'चेंज नोटिफिकेशन' ट्रिगर कर असा पर्याय असतो आणि डिफॉल्ट असतं 'बदल दुर्लक्षित करा'. तो पर्याय बदलूनही सेन्सर लाल होत नाही, हिरवाच राहतो, कारण बदल म्हणजे बिघाड नाही. नोटिफिकेशन ट्रिगरच्या टॅबमध्ये जाऊन चेंज ट्रिगर वेगळा लावावा लागतो. डाऊन झाल्यावर मेल जाईल असा ट्रिगर लावून वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

झॅबिक्समध्ये उलटं, मेसेज येतो पण विचित्र वागतो. लिनक्सच्या टेम्प्लेटमधला पासडब्ल्यूडी फाईल (युजरची यादी) बदलल्याचा ट्रिगर सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो शेवटची व्हॅल्यू आणि तिच्या आधीची व्हॅल्यू वेगळी आहे का एवढंच बघतो. स्वतःचा ट्रिगर याच पद्धतीने लिहिला तर पुढच्याच पोलला दोन्ही व्हॅल्यू सारख्या होतात आणि प्रॉब्लेम आपोआप मिटतो, रात्री पेटून रात्रीच विझतो, सकाळी डॅशबोर्ड स्वच्छ. म्हणून रिकव्हरी 'नाही' ठेवायची आणि हाताने बंद करायची परवानगी द्यायची, म्हणजे माणसाने बघितल्याशिवाय तो जाणार नाही. दुसरी गंमत प्रीप्रोसेसिंगची: न बदललेल्या व्हॅल्यू टाकून द्यायचा नियम लावला आणि हार्टबीट (न बदलली तरी ठरावीक वेळाने एकदा साठव) दिला नाही, तर बदलानंतर सारखी व्हॅल्यू कधी साठवलीच जात नाही आणि नेहमीच्या रिकव्हरीचा ट्रिगर पुढचा बदल होईपर्यंत पेटलेलाच राहतो. आणि हो, कुणी पासवर्ड बदलला तर या ट्रिगरने ओरडावं अशी अपेक्षा करू नका, पासवर्ड शॅडो फाईलमध्ये असतो, पासडब्ल्यूडीमध्ये नाही.

नॅगिओसवाल्यांसाठी थोडक्यात, फाईल एजचा प्लगइन काही न देता चालवला तर २४० सेकंदांना वॉर्निंग आणि ६०० सेकंदांना क्रिटिकल. तो 'फाईल बदलली' सांगत नाही, 'फाईल बदलायला हवी होती आणि बदलली नाही' हे सांगतो. रोज एकदा येणाऱ्या एक्सपोर्टला हेच हवं असतं, फक्त आकडे दिवसाच्या हिशेबाने द्या, २६ तास वगैरे, थोडी ढील ठेवून. कॉन्फिग फाईलवर हा प्लगइन लावला की तो कायम लालच दिसणार.

एक्सपोर्टची फाईल लिहिली जात असतानाच पोल झाला तर एका बदलाचे दोन-तीन अलर्ट येतात. लिहिणारा प्रोग्राम आपल्या हातात असेल तर आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग रीनेम करायला लावा, हातात नसेल तर साईज लागोपाठ दोन पोलला सारखी आली तरच फाईल पूर्ण झाली असं धरा.

या सगळ्याला वैतागून लोक म्हणतात पोलिंगच नको, फाईल बदलली की लगेच कळवणारं काहीतरी लावू. लिनक्सवर आयनोटिफाय आहे, २.६.१३ पासून. चांगलं आहे, पण नेटवर्कच्या माऊंटवर दुसऱ्या मशीनने केलेला बदल त्याला दिसतच नाही, आतल्या फोल्डरांवर आपोआप पसरत नाही, आणि नुसत्या फाईलवर वॉच लावला तर विमसारखा एडिटर सेव्ह करताना नवी फाईल बनवून जुन्याच्या जागी ठेवतो, मग वॉच जुन्या आयनोडला चिकटून राहतो आणि पुढचं काहीच कळत नाही. वॉच फाईलवर नाही, तिच्या फोल्डरवर लावायचा. वॉचच्या संख्येलाही मर्यादा आहे, जुन्या कर्नलवर डिफॉल्ट ८१९२, ५.११ पासून रॅमप्रमाणे वाढते. विंडोजवर डॉटनेटच्या फाईलसिस्टिमवॉचरचा बफर डिफॉल्ट ८ केबी आहे, एकदम पुष्कळ फाईल बदलल्या की तो भरून वाहतो आणि इव्हेंट हरवतात.

आणि पोलिंगमध्ये एक भोक कायम राहणारच, दोन पोलच्या मध्ये कुणी फाईल बदलून परत होती तशी केली तर चेकसमला काही कळणार नाही. शिवाय बदल कुणी केला हे या सॉफ्टवेअरला कधीच सांगता येत नाही. ते हवं असेल तर लिनक्सवर ऑडिटडीमध्ये त्या फाईलवर राइट आणि ॲट्रिब्यूटचा वॉच लावा, विंडोजवर फाईलच्या प्रॉपर्टीत ऑडिटिंग चालू करून इव्हेंट ४६६३ बघा, युजर आणि प्रोसेस दोन्ही मिळतात. शेकडो फाईलवर हे करायचं असेल तर एड किंवा वाझूहसारखं त्याच कामाचं टूल घ्या. वाझूहचं ठरावीक स्कॅन डिफॉल्ट १२ तासांनी होतं, महत्त्वाच्या फोल्डरांना रिअलटाइम वेगळं चालू करावं लागतं, तेवढं बघून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर टेस्ट करताना नुसती फाईल उघडून सेव्ह करू नका. आधी टच मारा, मग फक्त परमिशन बदला, मग एक अक्षर बदला, मग जुनी कॉपी टाइमस्टॅम्पसकट वरून टाका, शेवटी फाईल डिलीट करा, आणि प्रत्येकाच्या मध्ये किमान दोन पोल जाऊ द्या. यातल्या कशाकशाला अलर्ट यायला हवा ते टेस्टच्या आधी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर जे येईल तेच बरोबर वाटायला लागतं.